आवाज बरा आहे, पण गिटार ऐकू येत नाही

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. "मामा, जागा आहेस का? एक ट्रॅक पाठवलाय. हेडफोन लावून ऐक. आणि प्लीज, नुसतं 'छान' म्हणू नकोस."

भाचा इंजिनियर आहे, बंगळूरला एकटा राहतो. दिवसभर ऑफिस आणि रात्री खोलीत लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड आणि हेडफोन. त्यातून त्याने साडेचार मिनिटांचा एक जॅझ तुकडा बनवला होता. ड्रम्स मशीनचे, बास कीबोर्डचा, सॅक्सोफोनसारखा वाटणारा आवाजही कीबोर्डचाच. सगळं त्यानेच वाजवलेलं, एकावर एक चढवलेलं.

हाच ट्रॅक त्याने संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा :) अकरा अंगठे, चार टाळ्या, एका काकूंचं "खूप छान, अशीच प्रगती कर" आणि एका आजोबांचा सुप्रभातचा फोटो, संध्याकाळी सात वाजता. ट्रॅक पूर्ण कोणी ऐकला होता, देव जाणे.

मी हेडफोन लावून दोनदा ऐकला. आवडला. पण काहीतरी खटकत होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं. बोटं "छान" टाइप करायला गेली आणि थांबली. त्याचं कारण १९८६ सालात आहे.

त्या वर्षी मामा मस्कतहून आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक लहानसा कॅसिओ आणला होता. आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता, दुसरा मी मित्राकडून आणला. पहिल्यावर कॅसिओचा ठेका रेकॉर्ड केला. मग तो वाजवत त्याच्यासोबत माउथ ऑर्गन वाजवला आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर रेकॉर्ड केलं. मग ती कॅसेट पहिल्यात घालून आणखी एक सुरावट. चौथ्या फेरीपर्यंत गाण्यापेक्षा खरखरच जास्त झाली होती, पण मला आकाश ठेंगणं झालं होतं. आमच्या गल्लीत ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक गृहस्थ होते. धीर करून त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. चालू ठेव."

बस्स. चालू काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, हे मला कळलं नाही. कॅसेट पडून राहिली. पुढे त्यावर बहिणीने भावगीतं भरली. त्या गृहस्थांवर माझा राग नाही, त्यांचा हेतू चांगलाच होता. मी काही मोठा वादक होणार होतो असंही नाही. पण त्यांनी "अरे, तुझा माउथ ऑर्गन ठेक्याच्या मागे राहतोय" एवढं जरी म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो असतो, हे नक्की.

म्हणून भाच्याला उत्तर देण्याआधी मी एका जुन्या माणसाकडे गेलो. एकट्याने, घरच्या घरी, विजेच्या साधनांनी जॅझ करण्याचा धंदा ज्याने जवळजवळ नावारूपाला आणला, तो लेस पॉल. गिटार वाजवणाऱ्यांना हे नाव गिटारवर कोरलेलं म्हणून माहीत असतं. त्याची गोष्ट मी अनेकदा वाचली होती, पण या वेळी वेगळ्याच कारणासाठी वाचली. लोक त्याला काय म्हणाले आणि त्यावर त्याने काय केलं, एवढंच मला बघायचं होतं.

लेस्टर विल्यम पोल्सफस. जन्म ९ जून १९१५, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉकेशा नावाच्या गावी. त्याच्या गोष्टी बहुतेक त्यानेच सांगितलेल्या आहेत, आणि दर मुलाखतीत थोडं तिखटमीठ बदललेलं असतं, तेव्हा त्या तशाच घ्यायच्या. पहिला अभिप्राय पियानोच्या बाईंचा. त्यांनी आईला चिठ्ठी पाठवली की तुमच्या मुलाला संगीत कधीच येणार नाही, उगाच पैसे घालवू नका. आईने ती मनावर घेतली नाही आणि मुलाने त्याहून नाही. घरात आपोआप वाजणारा पियानो होता. त्यात भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते आणि जिथे भोक तिथे सूर वाजतो. हे पोरगं त्या गुंडाळीला आपल्या मनाने नवी भोकं पाडायचं. सूर चुकला की भोक चिकटपट्टीने बंद! आज भाचा लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोन भरतो आणि पुसतो, ते याहून फार वेगळं नाही.

आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग. लेस्टर तेरा-चौदा वर्षांचा. गावाबाहेर रस्त्याकडेला गाडीत बसूनच खाण्याचं एक ठिकाण होतं. तिथे तो गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवून गायचा. गाड्यांतल्या लोकांना ऐकू जावं म्हणून टेलिफोनचा बोलायचा भाग काढून त्याचा माइक केला होता, झाडूच्या दांड्याला बांधलेला, आणि तार थेट आईच्या रेडिओला जोडलेली. कमाई बरी होत होती. एक दिवस एका गाडीच्या मागच्या उघड्या सीटवर बसलेल्या माणसाने वाढणाऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवली. मजकूर साधारण असा की, तुझा आवाज आणि माउथ ऑर्गन ठीक आहेत, पण गिटार ऐकू येत नाही.

मंडळी, या चिठ्ठीकडे जरा नीट बघा. त्या माणसाने "वा वा" केलं नाही आणि "बंद कर" असंही म्हटलं नाही. काय ऐकू येतंय आणि काय येत नाहीये, तेवढंच सांगितलं. तो संगीतातला जाणकार होता की नाही कोणास ठाऊक. पण त्याला जे कानांनी कळलं, ते वाजवणाऱ्याला स्वतःला कळणं शक्यच नव्हतं. गिटार त्याच्या पोटाशी धरलेली, त्याला ती स्पष्टच ऐकू येणार!

लेस्टर घरी गेला आणि ग्रामोफोनची सुई त्याने गिटारच्या लाकडात खुपसली. तिची तार दुसऱ्या रेडिओला जोडली. गिटार मोठ्याने वाजू लागली. पण लाकडी पोकळ डबा आवाजाने थरथरायचा आणि शिट्टीसारखा कर्कश आवाज उठायचा. मग त्याने डब्यात फडकी कोंबून पाहिली. शेवटी म्हणाला, डबाच नको. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणला, त्यावर तार ताणली, खाली टेलिफोनचा ऐकायचा भाग ठेवला. सूर किती लांबतो म्हणून धावत आईला दाखवायला गेला. आई म्हणाली, घोड्यावर बसून रेल्वेचा रूळ वाजवणारा काउबॉय ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी मला सांग.

हाही अभिप्रायच. थोडा झोंबणारा, पण बघा, त्यात चूक नेमकी पकडली आहे. कल्पना चुकीची नाही, वजन चुकीचं आहे. माणसाला उचलता आलं पाहिजे.

पुढे शिकागोला तो दिवसा रेडिओवर गावठी गाणी गायचा आणि रात्री जॅझ वाजवायचा. तिथून न्यूयॉर्क. १९४० च्या आसपास एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात रविवारी, सगळे सुट्टीवर असताना, त्याने चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका घेतला, त्यावर गिटारची मान बसवली आणि तारांखाली विजेचे पिकअप लावले. नावही 'लॉग', म्हणजे ओंडकाच ठेवलं. रूळ आता उचलता येण्याजोगा झाला होता. क्वीन्समधल्या एका बारमध्ये तो घेऊन वाजवायला बसला, तर लोक ढिम्म. पुढच्या वेळी त्याने एका साध्या गिटारचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. आवाजात काही फरक नाही, फक्त दिसायला गिटार. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! लोक डोळ्यांनीही ऐकतात, असं तो पुढे सांगत असे. गिब्सन कंपनीकडे ओंडका नेला तेव्हा तिथे त्याला हसून परत पाठवलं. १९५० मध्ये लिओ फेंडरने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तेव्हा त्याच गिब्सनला हा माणूस आठवला. १९५२ मध्ये लेस पॉलच्या नावाची गिटार निघाली. तिच्या आराखड्यात त्याचा वाटा किती आणि कंपनीतल्या कारागिरांचा किती, यावर वाद आहेत. ते असो.

मला सांगायचं आहे ते गॅरेजचं.

१९४३ मध्ये तो हॉलिवूडला आला. २ जुलै १९४४ ला लॉस एंजेलिसमध्ये 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक'ची पहिली मैफल झाली, त्यात नॅट किंग कोलच्या पियानोबरोबर याची गिटार होती. १९४५ मध्ये बिंग क्रॉस्बीच्या एका तुफान चाललेल्या गाण्यात याच्या त्रिकुटाची साथ होती. म्हणजे आता तो नाव असलेला माणूस होता. १९४६ मध्ये अँड्र्यूज सिस्टर्सबरोबर शिकागोला कार्यक्रम करत असताना आई भेटली आणि म्हणाली, काल रात्री रेडिओवर तुला ऐकलं, छान वाजवलंस. हा म्हणाला, आई, काल रात्री मी स्टेजवर होतो, तो दुसराच कोणीतरी असणार. त्यावर आईचं म्हणणं असं, की मग तू काहीतरी कर बाबा, हल्ली सगळे तुझ्यासारखंच वाजवतात, मला फरक कळत नाही.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. सगळे माझी नक्कल करतात म्हणजे मी मोठा! याने त्यातला खरा अर्थ घेतला. आईला जर मुलगा ओळखू येत नसेल, तर मुलाचा असा आवाज उरलाच कुठे? त्याने चालतं काम सोडलं आणि हॉलिवूडच्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये जाऊन बसला. आईला ओळखता येईल असा आवाज सापडेपर्यंत बाहेर यायचं नाही.

तिथे त्याने जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण माझ्या दोन टेपरेकॉर्डरच्या उद्योगाचा तो पणजोबा आहे. टेप त्याच्याकडे नव्हती. होत्या त्या कोऱ्या तबकड्या आणि त्यांवर आवाज कोरणारी यंत्रं. त्यातलं एक यंत्र त्याने स्वतः बनवलं होतं, आणि तबकडी थरथर न करता फिरावी म्हणून त्याला कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील लावलं होतं. आधी एका तबकडीवर गिटारची एक सुरावट कोरायची. मग ती वाजवत तिच्यासोबत दुसरी सुरावट वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायच्या. मग तिसरी. मध्ये एक जरी सूर चुकला तर ती तबकडी फुकट. शिवाय दर फेरीला आधीचा आवाज थोडा मळतो. म्हणून जी सुरावट सर्वांत कमी महत्त्वाची ती सर्वांत आधी कोरायची, आणि जी कानावर ठसायला हवी ती शेवटी. काही भाग तो तबकडी निम्म्या वेगाने फिरवून वाजवायचा. मग ती पूर्ण वेगाने वाजवली की गिटार एक सप्तक वर आणि दुप्पट वेगात, जणू एखादं नवीनच वाद्य. 'लव्हर' या गाण्यात अशा आठ गिटारी आहेत आणि आठही त्याच्याच. ते साधेपर्यंत पाचेकशे तबकड्या फुकट गेल्या असं तो सांगे.

त्याच गॅरेजमध्ये विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स रेकॉर्डिंगला आला होता. याने त्याला आपला प्रयोग ऐकवला. फील्ड्स म्हणाला, पोरा, तू तर ऑक्टोपससारखा वाजवतोस! हा शब्द लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

हे असं घरी एकट्याने सगळं वाजवणारा तो पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. १९४१ मध्ये सिडनी बेशे याने क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स अशी सहा वाद्यं एकट्याने वाजवून, एकावर एक चढवून तबकडी काढली होती. पण ती एका मोठ्या कंपनीची करामत होती. लेस पॉलने ते गॅरेजमध्ये आणलं आणि त्यातून स्वतःचा आवाज घडवला.

१९४८ च्या जानेवारीत ओक्लाहोमात बर्फाळ रस्त्यावर त्याची गाडी पुलावरून खाली कोसळली. उजव्या कोपराचा चुरा झाला. हात पुन्हा वाकणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हा म्हणाला, मग गिटार धरता येईल अशा कोनात तरी बसवा. आणि तसाच बसवला. तो प्लास्टरमध्ये असताना कॅपिटॉल कंपनीने काढलेलं 'लव्हर' लोक ऐकत होते, आणि आता ते कोणाचं आहे हे कोणालाच विचारावं लागत नव्हतं. आईचा मुद्दा निकालात निघाला.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९४९ मध्ये बिंग क्रॉस्बीने त्याला ॲम्पेक्सचं टेप मशीन दिलं. याने त्यात एक जादा हेड बसवून घेतलं, त्यामुळे एकाच टेपवर आवाजावर आवाज चढवता येऊ लागला. पण नवं भरताना जुनं पुसलं जायचं. म्हणजे अकराव्या सुरावटीत चूक झाली तर आधीच्या दहाही गेल्या! अशा पद्धतीने त्याने आणि त्याची बायको मेरी फोर्ड हिने न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरात 'हाऊ हाय द मून' रेकॉर्ड केलं. १९५१ मध्ये ते नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. मग त्याने एकाच टेपवर आठ वेगळे पट्टे असतील अशी कल्पना ॲम्पेक्सला दिली, म्हणजे एक चुकला तर तेवढाच पुन्हा करावा. १९५७ मध्ये ते मशीन त्याच्या घरी आलं, किंमत १०,००० डॉलर. त्याचं नाव त्याने काय ठेवलं असेल? ऑक्टोपस :) फील्ड्सने जाता जाता मारलेला शेरा याने अकरा वर्षं जपून ठेवला होता.

आज भाचा वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर एकाखाली एक पट्टे दिसतात ना, ते त्या आठ पट्ट्यांचेच वंशज. मागे मागे जात राहिलात तर रस्त्याकडेच्या त्या चिठ्ठीपर्यंत पोचता. माझ्या हिशेबाने तरी.

पण सगळेच अभिप्राय असे उपयोगी नसतात. लेनी ट्रिस्टानो हा आंधळा पियानोवादक, जॅझमधला फार खोल माणूस. मॅनहॅटनमध्ये ३२ व्या रस्त्यावर त्याचा घरगुती स्टुडिओ होता. १९५५ च्या सुमारास त्याने 'लाइन अप' नावाचा तुकडा केला. आधी बास आणि ड्रम्स रेकॉर्ड केले, मग ते संथ करून त्यांवर पियानो वाजवला आणि शेवटी सगळ्याचा वेग वाढवला. 'टर्किश मॅम्बो'मध्ये वेगवेगळ्या मात्रांच्या पियानोच्या ओळी त्याने एकावर एक चढवल्या. १९५६ मध्ये रेकॉर्ड निघाली आणि गदारोळ झाला. लोकांनी विचारलं काय? तर ही लबाडी नाही का, हा खरंच इतक्या वेगाने वाजवू शकतो का! तो वैतागला. साहजिकच आहे. कसं केलं याची चौकशी सगळ्यांनी केली, काय ऐकू येतंय ते थोड्यांनीच सांगितलं. आज ती रेकॉर्ड मोठी मानतात. पण त्या चर्चेतून ट्रिस्टानोला पुढच्या कामासाठी काय मिळालं असेल, मला शंका आहे.

आणि याहूनही वाईट म्हणजे शांतता. आपल्या मुंबईचंच उदाहरण. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार आणि बास वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक रेकॉर्ड काढली. हे जॅझ नव्हे, पण वृत्ती तीच, एका माणसाने यंत्रांशी खेळत नवं काही काढण्याची. रेकॉर्ड फारशी खपली नाही. कोणी शिव्याही दिल्या नाहीत. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले, की शिकागोत पुढे पाच वर्षांनी जे 'ॲसिड हाऊस' म्हणून गाजलं त्याच्याशी हे किती जुळतं! म्हातारपणी त्यांना परदेशातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. मधल्या अठ्ठावीस वर्षांत कोणी एक नेमकं वाक्य बोललं असतं तर त्यांनी अकरावा, बारावा राग केला असता का? हा विचार मला अस्वस्थ करतो. माझ्याही कपाटात अशी एक भावगीतांची कॅसेट आहे ना!

तर मंडळी, एवढं वाचून झाल्यावर रात्री दीड वाजता मी भाच्याचा ट्रॅक तिसऱ्यांदा ऐकला. या वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारला. मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलोय, मला काय ऐकू येतंय आणि काय येत नाहीये? मग लिहिलं.

"सुरुवातीचा बास फार आवडला, तो मी आता गुणगुणतोय. सॅक्सोफोनची सुरावट सुंदर आहे पण ती दुसऱ्या मिनिटानंतर ड्रम्सच्या खाली बुडते, मला कान ताणावे लागले. तिसऱ्या मिनिटाला ठेका बदलतो तो मला चूक वाटली, मुद्दाम असेल तर ते मला कळलं नाही. बाकी मला जॅझमधलं शास्त्र कळत नाही, हे कानाला जे वाटलं ते."

पाठवून दिलं आणि झोप उडाली. पोरगं दुखावलं तर? बहीण हे वाचते, तिला आता कळेल की मी दोन दिवस तिचा फोन का टाळला :) दोन दिवस त्याचं काही उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी तो ट्रॅक मी आईला ऐकवला. म्हणजे भाच्याच्या आजीला. वय ८१, चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी. हेडफोन कानाला लावून तिने डोळे मिटले, साडेचार मिनिटं पूर्ण ऐकलं (ग्रुपवर एवढं कोणी केलं नसेल) आणि म्हणाली, "वाजवतात चांगलं. पण कुणी कुणाचं ऐकत नाहीये रे. आमच्याकडे तबलजी उठाण घेतो तेव्हा मी पेटी हळू करते. इथे सगळे आपापलं वाजवतायत. भांडण झालंय का त्यांचं?"

मी तिला म्हटलं, "अगं, ते सगळे म्हणजे एकटा आपला पोरगाच आहे."

"मग त्याला सांग, दुसरा वाजवत असताना आपण गप्प बसायचं."

मला जे दीड वाजेपर्यंत सापडलं नव्हतं ते हेच. जॅझ म्हणजे शेवटी चार माणसांच्या गप्पा. चौघांच्या जागी एकटाच बसला की आधी वाजवलेल्या स्वतःचं ऐकायचं आणि नंतर येणाऱ्या स्वतःसाठी जागा सोडायची, हे सगळ्यात अवघड. लेस पॉलची पाचशे तबकड्यांची मेहनत काही नुसती बोटांची नसणार.

मी भाच्याला फोन केला. आजीचे शब्द होते तसे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग हसला आणि म्हणाला, "मामा, सॅक्सचं तू लिहिलंस तेव्हा मला आधी राग आला. मग ऐकलं तर खरंच बुडत होता. मी तो मोठा केला, पण तरी बरोबर वाटेना. म्हणून उत्तर दिलं नव्हतं. आजीचं आता कळलं. मोठा नाही करायचा. बाकीच्यांनी थांबायचं." आणि मग, "तो ठेका मात्र मुद्दाम आहे हं. तो मी ठेवणार."

ठेव म्हटलं. सांगणं आमचं काम, ऐकायचं की नाही ते त्याचं. लेस्टरनेही आईचं ऐकून रूळ टाकला, पण भरीव गिटार काही सोडली नाही.

लेस पॉल १२ ऑगस्ट २००९ ला गेला, ९४ वर्षांचा होऊन. शेवटपर्यंत दर सोमवारी न्यूयॉर्कच्या एका क्लबात वाजवायचा. संधिवाताने बोटं आखडली होती, मोजकीच चालायची. चार माणसांत बसून वाजवायचा आणि नवी पोरं स्टेजवर आली की त्यांना वाजवायला जागा द्यायचा. गॅरेजमध्ये एकट्याने आठ गिटारी वाजवणाऱ्या माणसाने अखेरीस दर आठवड्याला माणसांतच यायचं ठरवलं, हे मला फार आवडतं.

काल भाच्याची दुसरी आवृत्ती आली. दुसऱ्या मिनिटाला ड्रम्स जवळजवळ थांबतात आणि सॅक्स एकटा बोलतो. आईला ऐकवली. "आता ऐकतायत एकमेकांचं," म्हणाली. आणि हेडफोन काढता काढता, "शेवट मात्र घाईत केलाय."

हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही. आज रात्री सांगतो.